होल्यासाठी घेतलेला ब्लॉक

बेहेरेसाहेब कपडे वाळत घालायच्या तारेलाही आधी काठी लावत. ही काठी म्हातारपणाची नव्हे. तो पुरुषभर उंचीचा पिवळाजर्द बांबू होता. टोकाला पितळी आकडा, आकड्याला तांब्याची पिळाची वायर, आणि वायरीचं दुसरं टोक अंगणातल्या नळाला घट्ट बांधलेलं. सकाळी कामावर निघण्यापूर्वी ते बनियन काढायला खाली उतरत, आकडा तारेवर अडकवत, क्षणभर कान देऊन थांबत आणि मगच बनियनला हात घालत. ती तार कडुलिंबाच्या खोडापासून आमच्या जिन्याच्या गजापर्यंत गेलेली होती. तिच्यावरून आजवर दंवाचे थेंब आणि मुंग्यांची रांग यांखेरीज काहीही वाहिलेलं नव्हतं.

"अहो, पण या तारेत वीज येणार कुठून?" मी एकदा विचारलं.

"कुठून ते ठाऊक असतं तर काठी कशाला लागली असती, वैद्यबाई?" बनियनची घडी घालत ते म्हणाले. "तार मेली आहे असं दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही. स्वतः बघायचं. तोवर ती जिवंत समजायची."

सरोजिनी नगरच्या त्या दुमजली सरकारी घरांत वरच्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आणि मागच्या बाल्कन्या शेजारी शेजारी होत्या. कार्यालयही एकच. दिल्लीहून नव्या उपनगरांकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विजेच्या तारा चढवण्याचा प्रकल्प होता. बेहेरेसाहेब त्या कामाचे व्यवस्थापक, आणि मी त्यांच्या इंग्रजी सूचनांचा हिंदीत अनुवाद करणारी. ते पूल उंच करत, फलाटांची छपरं छाटत, टेलिफोनच्या तारा जमिनीखाली ढकलत. मी तेच सारं शब्दांत करत असे आणि बहुधा नापास होत असे.

रुळांलगतच्या गावांत लावायची एक इशारापत्रिका मी मोठ्या मायेनं घडवली होती. आकाशातून आता एक अदृश्य नदी वाहणार आहे, तिला स्पर्श करू नका, अशी काहीशी तिची सुरुवात होती. बेहेरेसाहेबांनी ती माझ्याकडून उभ्यानं वाचून घेतली, डोळे मिटून ऐकली.

"छान आहे," ते म्हणाले. "आता लोक आंघोळीला येतील."

शेवटी 'तार छुओगे तो मरोगे' एवढंच छापलं गेलं. त्यातही त्यांनी 'मरोगे'चा टाइप वाढवून घेतला.

ते दिवस विलक्षण होते. देशाची दारं उघडली होती, आणि त्यांतून सर्वांत आधी आत शिरले होते ते थर्मोकोलनं भरलेले खोके. प्रत्येक बाल्कनीत कपडे धुण्याचं यंत्र आलं होतं. रुळांच्या बाजूला एका महिन्यात मोहरीचं पिवळं शेत असे, पुढच्या महिन्यात तिथे फलक उभा राही आणि त्यावर कारंज्यापाशी हसणारं गोरं कुटुंब. बेहेरेसाहेबांच्या मते या सगळ्याचा पहिला लाभार्थी होता कावळा. इमारतींच्या बांधकामांवर लोखंडी तारेचे तुकडे विखुरलेले असत. कावळे ते उचलत आणि रेल्वेच्या नव्या कोऱ्या खांबांवर त्यांची घरटी विणत. मग स्पर्श व्हायचा, ठिणगी उडायची आणि मैलोगणती वीज जायची.

"पूर्वी काड्यांत भागायचं त्याचं," ते खेदानं सांगत. "आता त्यालाही पक्कं घर हवंय."

घरटी उतरवण्यासाठी तारांची वीज बंद करावी लागे. त्याला ते ब्लॉक म्हणत, आणि या एका शब्दावर त्यांचा संसार उभा होता. नियम असा: ज्याला तारेवर काम करायचं आहे त्यानं ब्लॉक मागायचा. देणाऱ्यानं वीज तोडायची. काम संपलं की मागणाऱ्यानंच स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडानं सांगायचं, 'मी, माझी माणसं आणि माझी हत्यारं तारेपासून दूर झाली आहेत.' त्यानंतरच वीज सोडायची. दुसऱ्या कुणाचा निरोप चालत नाही. साहेबाचाही नाही, देवाचाही नाही.

हा नियम त्यांनी घरी आणला होता. सुमनवहिनींना मिक्सर धुवायचा असला तरी ब्लॉक घ्यावा लागे. वहिनी गोऱ्या, ठेंगण्या आणि बोलण्यात मिरचीची फोडणी असलेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज येई, "साहेब, मी, माझी माणसं आणि माझी चटणी दूर झालो हो!" आणि बाहेरच्या खोलीतून गंभीर उत्तर जाई, "ठीक. चार्ज करतो."

या नियमाचा तडाखा अख्ख्या जिन्याला बसला तो चोप्राजींच्या पंख्यापायी. चोप्रा खालच्या मजल्यावर राहत. मे महिन्यात त्यांना छताचा पंखा बदलायचा होता. बेहेरेसाहेबांनी त्यांना रीतसर ब्लॉक दिला, म्हणजे जिन्याखालच्या बोर्डातला फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घातला. पंखा लागला. चोप्राजींनी हात धुतले, कपडे बदलले आणि भाचीच्या लग्नाला लुधियानाला जायला स्टेशनची वाट धरली. ब्लॉक परत द्यायचं विसरले.

थोड्याच वेळात कूलर थंडावले, म्हणजे तापले. वाळ्याच्या ताट्यांचा ओला, मातकट गंध हळूहळू सुकत जाऊन त्याची जागा भाजलेल्या विटांच्या वासानं घेतली. चोप्राबाई ओढणीनं वारा घेत वर आल्या.

"भाईसाहब, पंखा लग गया, अब तो बिजली छोड़ दो!"

"ब्लॉक आपने लिया था?"

"नहीं जी, इन्होंने."

"तो वही वापस देंगे."

"वो तो लुधियाना जा रहे हैं!"

"अच्छा. लौटेंगे कब?"

चोप्राबाईंनी जे उत्तर दिलं ते पंजाबीत होतं, आणि ते मला अनुवादासाठी कुणी दिलं नाही याचं समाधान आहे. वहिनी दारात उभ्या राहून वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या. "बघा वैद्यबाई, आमचे हे," त्या म्हणाल्या. "तिकडे सगळ्या रेल्वेला वीज देताहेत आणि इकडे जिन्यात अंधार. अहो, त्या माणसाचा पंखा मी आत्ता खाली जाऊन बघून आले. त्याला कुणीही चिकटलेलं नाही."

"तुला दिसणं वेगळं आणि त्यानं सांगणं वेगळं," बेहेरेसाहेब म्हणाले. पण पत्नीच्या कपाळावरचा घाम त्यांना बघवला नसावा. त्यांनी रिक्षा बोलावली आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं.

आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा गाडी हलायच्या बेतात होती. फ्यूज उंच धरून बेहेरेसाहेब खिडक्यांमागून खिडक्या शोधत धावत होते. चोप्राजी दिसताच ओरडले, "चोप्राजी! सब हट गए?"

चोप्राजींचा चेहरा पांढरा पडला. "कौन? कौन गुज़र गया जी?"

"कोई नहीं! बोलिए, मैं, मेरे आदमी और मेरा सामान, तार से दूर हैं! बोलिए!"

गाडी सुटली. चोप्राजी खिडकीच्या गजांना धरून ते वाक्य ओरडू लागले, आणि कसलं तरी पुण्यकार्य चाललं आहे अशा समजुतीनं डब्यातले सारे प्रवासी त्यांना साथ देऊ लागले. दोन सरदारजींनी तर हात वर करून आपणही तारेपासून दूर असल्याचं जाहीर केलं. बेहेरेसाहेब फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर गेले, थांबले, घाम पुसला आणि मला म्हणाले, "बघितलंत? सांगितलं की माणसाला किती हलकं वाटतं."

त्यानंतरच्या चैत्रात होला आला.

होला म्हणजे दिल्लीकरांची फाख्ता. राखी-गुलाबी अंगाचा, गळ्यात ठिपक्यांची पट्टी बांधलेला, संसाराच्या बाबतीत अगदी बेफिकीर पक्षी. त्याच्या मादीनं बेहेऱ्यांच्या मागच्या बाल्कनीतल्या दिव्याच्या पत्र्याच्या टोपीवर चार काड्या आडव्या टाकल्या, त्यालाच घर मानलं आणि दोन अंडी घातली. कडुलिंबाचा मोहोर तेव्हा नुकता गळू लागला होता; बाल्कनीची फरशी त्या मधाळ-कडवट वासाच्या चुऱ्यानं पांढरी झाली होती. मी माझ्या कठड्याशी उभी होते, म्हणून पुढचा संवाद अक्षरशः ऐकला.

"साहेब, बाल्कनीतल्या दिव्याचा ब्लॉक पाहिजे," सुमनवहिनी म्हणाल्या.

"कारण?"

"बाळंतपण."

वर्तमानपत्र खाली आलं. "कुणाचं?"

"तिचं." वहिनींनी वर बोट दाखवलं. "दिवा लावला की टोपी तापते. अंडी उकडून निघतील बिचारीची."

बेहेरेसाहेब उठून बाहेर आले. दिवसभर कावळ्यांची घरटी उतरवणारा तो माणूस मान वर करून बराच वेळ त्या चार काड्यांकडे पाहत राहिला. मादीनं लाल डोळ्यानं त्यांना न्याहाळलं आणि आपली जागा सोडली नाही.

"मुदत?" त्यांनी विचारलं.

"पिल्लं उडेपर्यंत."

"परत कोण देणार?"

"मी. ब्लॉक मी घेतेय ना? मग मीच देणार. आणि तोवर बटणाला बोट लावलंत तर याद राखा, तुमच्याच काठीनं तुमचं अर्थिंग करीन."

एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं बायको त्यांच्या नियमाला बाहेरून हसत आली होती. आज हसत हसतच, पण नियमाच्या आत आली होती. त्यांनी मेधाच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या शाळेतली लाल रिबीन शोधून काढली आणि त्या दिव्याच्या काळ्या, गोल बटणाला स्वतःच्या हातानं गाठ मारून बांधली. वहिनींनी कठड्यावर पाण्याची एक स्टीलची वाटी ठेवली.

पिल्लांना पिसं फुटत होती त्या सुमारास वहिनींना ताप भरला. साधाच ताप असेल असं सगळ्यांना वाटलं. इस्पितळात न्यायला टॅक्सी आली तेव्हा जिना उतरता उतरता त्यांनी मला बजावलं, "वाटीत पाणी घालत जा हो. आणि यांना दिवा लावू देऊ नका. मी आले की देते परत."

त्या परत आल्या नाहीत. पिल्लं उडाली ती मी पाहिली. एक सरळ कडुलिंबावर गेलं, दुसरं आधी तारेवर बसलं, डुगडुगलं, मग गेलं. सांगायला शेजारच्या घरात कुणी नव्हतं.

बेहेरेसाहेब पुढच्या पंधरवड्यात कामावर आले आणि मी अनुवादलेलं पहिलंच टिपण माझ्या टेबलावर परत ठेवून म्हणाले, "यात भीती कमी पडतेय, वैद्यबाई." सगळं पूर्ववत सुरू झालं. सकाळी काठी, आकडा, बनियन. फक्त संध्याकाळी ते मागच्या बाल्कनीत अंधारात चहा घेत बसू लागले. मी कधी म्हटलं, "दिवा तरी लावा," की उत्तर ठरलेलं असे, "ब्लॉकमध्ये आहे." रिबीन उन्हानं विटत विटत गुलाबी झाली, मग फिकट पिवळी. मेधाचं लग्न झालं. जावई मानेसरच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, घर गुडगावातल्या एका उंच इमारतीत. लग्नाच्या रोषणाईत सगळं घर लखलखलं. ती बाल्कनी तेवढी काळोखी राहिली. "बेहेरेसाहब सठिया गए हैं," चोप्राबाई म्हणत, आणि खालून वाडगाभर राजमा पाठवून देत.

प्रकल्प संपला आणि त्याच सुमारास साहेब निवृत्त झाले. शेवटच्या टप्प्यात वीज सोडायच्या दिवशी मी रुळांशी उभी होते. काही गडगडाट होईल अशी माझी कल्पना होती. झालं एवढंच की, तारांमधून मधमाश्यांनी दूरवर गावं तसा एक बारीक गुणगुणाट आला. बेहेरेसाहेबांनी प्रत्येक तुकडीचा ब्लॉक एकेका माणसाच्या तोंडून परत घेतला होता. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकही ब्लॉक परत यायचा राहिला नाही. रेल्वेतला तरी.

निवृत्तीनंतर सरकारी घर सोडायचं होतं. जूनच्या ऐन दुपारी ताबा घ्यायला देखभाल खात्याचे त्यागी नावाचे अभियंते आले. सामान आधीच गुडगावला गेलं होतं. मेधा बापाला न्यायला गाडी घेऊन आली होती. खाली अंगणात नव्या रहिवाशांचा टेम्पो उन्हात उभा. फ्रिज, पलंग, तुळशीची कुंडी, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये कपाळावर पदर ओढून बसलेली एक तरुण बाई. रिकाम्या घरात आमच्या चपलांचे आवाज घुमत होते. त्यागी एकेक नळ सोडून बघत होते, एकेक दिवा लावत होते. मागच्या दाराशी आले आणि थबकले.

"ये रिबन क्या है, सर?"

"ब्लॉक है."

"खोल दीजिए. पॉइंट चेक करना है. सब बत्तियाँ जलनी चाहिए, नहीं तो मैं कब्ज़ा नहीं ले सकता."

"नहीं खुल सकता. ब्लॉक वापस नहीं हुआ."

त्यागींनी रिबिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मेधा पुढे झाली. "बाबा, प्लीज यार! एक बटण आहे. तुम्ही नका लावू, मी लावते."

"हात लावू नकोस, मेधा!"

तो आवाज मी रुळांवर ऐकला होता, माणूस तारेच्या फार जवळ गेला की निघणारा. मेधाचा हात हवेतच राहिला. तिचे डोळे भरले. "खाली लोक उन्हात बसलेत, बाबा. तिकडे तुमची खोली लावून ठेवलीय मी. तुम्हाला यायचं नाहीये का?"

"यायचंय ग," ते म्हणाले. "पण ज्यानं घेतला त्यानंच परत द्यायचा असतो."

"तो बुला लीजिए उनको," त्यागी सहज म्हणाले. "लिया किसने था?"

"मेरी पत्नी ने."

समोरच्या भिंतीवर वहिनींच्या फोटोच्या जागी चुन्याचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. त्यागींना कळलं. त्यांनी हातातले कागद उगाच सरळ केले. चांगला माणूस असावा. तो निघून गेला नाही, की हसलाही नाही. थोड्या वेळानं त्यानं अगदी हलक्या आवाजात, एका अभियंत्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "सर, रेलवे में क्या करते हैं? मान लीजिए, लेने वाला... न आ सके. तो लाइन हमेशा बंद रहती है?"

बेहेरेसाहेबांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं.

"नहीं," शेवटी ते म्हणाले. "तब देने वाला खुद जाता है. पूरा सेक्शन पैदल चलता है. अपनी आँखों से देखता है कि कोई रह तो नहीं गया."

"आपने देखा?"

"नहीं. मैंने नहीं देखा."

मग ते माझ्याकडे वळले. "चला, वैद्यबाई. साक्षीदार लागतो."

कोपऱ्यातली काठी त्यांनी उचलली आणि आम्ही चालू लागलो. बाहेरची खोली त्यांनी भिंतीच्या कडेकडेनं पाहिली. झोपायच्या खोलीत, पलंगाच्या पायांनी फरशीवर उमटवलेल्या खुणांपाशी थांबले. न्हाणीघराचं दार ढकललं. आत फुटक्या आरशाजवळ वाळलेल्या टिकलीचा एक लाल ठिपका चिकटलेला होता. स्वयंपाकघरात शिरल्यावर त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आणि मलाही तो वास आला: रिकाम्या फळ्यांच्या लाकडात इतकी वर्षं मुरलेला हिंगाचा वास. "सुमन," त्यांनी हाक मारली. दुसऱ्या खोलीत असलेल्या माणसाला मारावी, इतक्या साध्या आवाजात. दारामागे पाहिलं. माळ्यावर काठीनं चाचपलं. मेधा भिंतीला टेकून तोंडावर हात ठेवून उभी होती.

शेवटी बाल्कनी. दिव्याच्या टोपीवर अजूनही दोन काड्या होत्या. आणि कठड्याच्या कोपऱ्यात, निंबाच्या सुक्या पानांखाली, ती स्टीलची वाटी. मी दुसऱ्याच उन्हाळ्यात तिच्यात पाणी घालायचं सोडून दिलं होतं.

"हत्यार राहिलं होतं," बेहेरेसाहेब म्हणाले. त्यांनी वाटी उचलली, आतली धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग आत येऊन ते बटणासमोर ताठ उभे राहिले आणि एरवी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचं ते वाक्य स्वतः म्हणाले.

"सुमन, तिची माणसं आणि तिची हत्यारं तारेपासून दूर झाली आहेत." ते थांबले. "मी स्वतः बघितलं. सेक्शनमध्ये कोणी नाही."

गाठ त्यांना सुटेना. मी पुढे होणार होते, पण त्यांनी मान हलवली आणि नखांनी, हळूहळू, एकट्यानं ती सोडवली. बटण खाली केलं. बाहेर जूनचं ऊन इतकं पांढरं होतं की दिवा लागला की नाही हे कळायला त्यागींना कागदांची सावली धरावी लागली. "जल रही है, सर," ते म्हणाले. "बिल्कुल ठीक है."

आम्ही खाली उतरलो. टेम्पोशेजारची ती तरुण बाई चटकन उठून उभी राहिली. बेहेरेसाहेब तिच्यापाशी गेले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी. क्षणभर विचार करून त्यांनी ती वाटी तिच्या हातात दिली.

"चैत में फाख्ता आएगी," ते म्हणाले. "पीछे की बत्ती पर अंडे देगी. तब बत्ती का ब्लॉक लेना होगा."

ती गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "अच्छा, अंकलजी," ती म्हणाली. "किससे लूँ?"

"मुझसे. गुड़गाँव कोई दूर नहीं है. पर वापस देने आपको खुद आना पड़ेगा."

ती आता हसली. नव्या घराच्या आनंदात माणसं हसतात, तशी. "और न आ पाई तो?"

बेहेरेसाहेबांनी वर, आमच्या बाल्कन्यांकडे पाहिलं.

"तो मैं आकर देख लूँगा," ते म्हणाले.